अनुशेषाचा नकाशा : सार्वजनिक पैसा कशासाठी गेला आणि कुठे गेला



आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं निधी, रस्ते आणि नकाशे यांच्याशी काय काम? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की ‘आमच्या भागावर अन्याय झाला’ हे वाक्य महाराष्ट्रात आपण गेली सत्तर वर्षं ऐकतो आहोत. ते वाक्य खरं की खोटं हे ठरवायचं असेल तर दोन गोष्टी लागतात. अन्याय म्हणजे काय याची व्याख्या, आणि ती व्याख्या तपासता येईल अशी माहिती. पहिली गोष्ट तत्त्वज्ञानाची आहे, दुसरी आकड्यांची. या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत तोवर वाद फक्त आवाजावर जिंकले जातात.

आज आपण बघणार आहोत, की सर्वांसाठी खुल्या असलेल्या सरकारी माहितीवरून प्रादेशिक विकासाच्या खर्चाचा नकाशा कसा काढायचा, आणि तो काढताना माणूस कुठे कुठे फसतो.

आधी थोडा इतिहास

२८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. विदर्भ आणि मराठवाडा संयुक्त महाराष्ट्रात येणार, तर निधीचं वाटप कसं होईल याचं आश्वासन त्यात होतं. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटप, आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३७१ (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद आली. त्यातला शब्द लक्षात घ्या. विकासखर्चाच्या निधीचं वाटप ‘समन्यायी’ असावं, असं तिथे म्हटलं आहे. ‘समान’ असावं असं म्हटलेलं नाही. समान म्हणजे सगळ्यांना सारखं. समन्यायी म्हणजे ज्याची जशी स्थिती, त्याला तसं. या दोन शब्दांमधल्या अंतरावर पुढचं सगळं राजकारण उभं आहे.

१९८३ साली राज्य सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ साली आला. समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास व मृदसंधारण आणि पशुवैद्यकीय सेवा अशी नऊ क्षेत्रं घेतली. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याची तूट मोजली, ती भरून काढायला किती पैसे लागतील याचा हिशेब केला आणि त्या रकमेला म्हटलं ‘अनुशेष’. एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८७ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्के, मराठवाड्याचा साधारण २४ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्के.

हा शेवटचा आकडा भाषणांतून सहसा गाळला जातो. ‘पुढारलेला’ म्हणून ज्याचा उल्लेख होतो त्या उर्वरित महाराष्ट्रात एकतृतीयांशाहून जास्त अनुशेष होता. कारण त्यात कोकण आहे, खानदेश आहे, दुष्काळी पट्टा आहे.

१९९४ साली विकास मंडळं स्थापन झाली. त्यानंतर निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती धरून पुन्हा हिशेब केला. तेव्हा अनुशेष सुमारे १४ हजार कोटींवर गेला. मग डॉ. विजय केळकर यांच्या समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला आणि त्यावरही भरपूर वाद झाला. मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली.

म्हणजे मोजणी आपल्याला नवीन नाही. मात्र प्रत्येक वेळी ती समितीने केली, अहवाल जाडजूड ग्रंथात बंद झाला आणि त्यातलं आपल्या सोयीचं एक वाक्य घेऊन प्रत्येक जण घरी गेला. खुल्या माहितीमुळे फरक पडतो तो इथे. मोजणी पुन्हा करून बघता येते. कोणीही करू शकतो. आणि तुमची बेरीज चुकली असेल तर मी ती दाखवून देऊ शकतो.

सरासरी नावाची गोष्ट

नकाशाकडे जाण्याआधी एक छोटं गणित करू. समजा तीन सारख्या आकाराचे जिल्हे आहेत. दर शंभर चौरस किलोमीटरमागे पहिल्यात ४० किलोमीटर रस्ते, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २०. सरासरी आली ३०. अनुशेष फक्त तिसऱ्याचा, १० किलोमीटरचा. आता पुढच्या दहा वर्षांत पहिल्या जिल्ह्यात रस्ते ४० चे ५८ झाले. बाकी दोघे आहेत तिथेच. नवी सरासरी ३६. आता दुसऱ्याचा अनुशेष ६ आणि तिसऱ्याचा १६. दुसऱ्या जिल्ह्याचा एक मीटर रस्ताही कमी झालेला नाही, तरी तो ‘मागास’ ठरला.

मग दुसऱ्या जिल्ह्यावर अन्याय झाला का? सरासरी हीच मोजपट्टी धरली तर झाला. ‘किमान इतके रस्ते प्रत्येकाला हवेत’ अशी मोजपट्टी धरली आणि ते किमान २५ ठरवलं, तर नाही झाला. अमर्त्य सेन यांनी १९७९ मधल्या स्टॅनफर्डच्या व्याख्यानात नेमका हा प्रश्न विचारला होता, की समता म्हणता, पण कशाची समता? पैशाची, सोयींची की माणसाला त्या सोयींनी प्रत्यक्ष काय करता येतं त्याची? संगणक हा प्रश्न तुमच्यासाठी सोडवत नाही. नकाशाला रंग भरण्याआधी तुम्हालाच तो सोडवावा लागतो.

खुली माहिती म्हणजे कोणती?

माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा. त्याचं कलम ४ सांगतं, की कार्यालयांनी बरीचशी माहिती कोणी अर्ज करायची वाट न बघता आपणहून जाहीर करावी. २०१२ मध्ये केंद्र सरकारने माहितीच्या खुलेपणाचं राष्ट्रीय धोरण आणलं आणि त्याच वर्षी खुल्या माहितीचं सरकारी संकेतस्थळ सुरू झालं. २०१७ मध्ये अशा माहितीच्या पुनर्वापराचा परवानाही ठरवून दिला गेला.

पण जाहीर केलेली माहिती आणि खुली माहिती यात फरक आहे. वाकड्या ठेवलेल्या कागदाचा फोटो काढून त्याची पीडीएफ चढवली, तर ती जाहीर झाली. खुली नाही झाली. त्यातल्या चारशे ओळी तुम्हाला हाताने उतरवाव्या लागतील. खुली माहिती म्हणजे संगणकाला वाचता येईल अशा तक्त्यात, विनामूल्य आणि पुन्हा वापरायची मुभा देऊन दिलेली माहिती.

आपल्या कामाची ठिकाणं बरीच आहेत. राज्याच्या निधीवितरणाची ‘बीम्स’ नावाची प्रणाली आहे. रोजगार हमीची माहिती ग्रामपंचायतीपर्यंत मिळते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांची माहिती ऑनलाइन आहे आणि तिचे नकाशे, म्हणजे रस्ते, वस्त्या, शाळा-दवाखान्यांची ठिकाणं, २०२२ मध्ये ‘जिओसडक’ या नावाने खुले केले गेले. जलजीवन मिशनच्या नळजोडण्यांचे आकडे गावनिहाय दिसतात. नकाशा काढायला ‘क्यूजीआयएस’ हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे.

‘कशासाठी’ कळतं, ‘कुठे’ कळत नाही

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. आपल्या अर्थसंकल्पात प्रत्येक रुपयाला एक लेखाशीर्ष असतं. प्रधान शीर्ष, उपप्रधान शीर्ष, गौण शीर्ष अशी उतरंड असते. या उतरंडीवरून पैसा कशासाठी आहे हे छान कळतं : आरोग्यासाठी, त्यात ग्रामीण आरोग्यासाठी, त्यात बांधकामासाठी की पगारासाठी. पण तो पैसा कोणत्या तालुक्यात गेला हे त्या उतरंडीतून आपोआप कळत नाही. आपली हिशेबपद्धती ‘कशासाठी’ या प्रश्नाभोवती रचलेली आहे. अनुशेषाचा प्रश्न मात्र ‘कुठे’ हा आहे.

कोणी म्हणेल, बिल कोणत्या कोषागारातून निघालं त्यावरून जिल्हा कळेल की. अंशतः कळेल. पण एखादी खरेदी मुख्यालयाने एकत्र केली आणि वस्तू पंधरा जिल्ह्यांत वाटल्या, तर खर्च दिसेल मुख्यालयाच्या शहरात. नकाशावर ते शहर गडद होईल आणि वस्तू जिथे पोचल्या ते जिल्हे फिके राहतील. आकडा खरा, पण नकाशा खोटा!

शिवाय पैशाच्या तीन अवस्था असतात : तरतूद, वितरण आणि खर्च. अर्थसंकल्पात तरतूद झाली म्हणजे पैसे मिळाले असं नव्हे. वितरित झाले म्हणजे खर्च झाले असं नव्हे. मार्चअखेरीस जी धावपळ होते ती तुम्हाला ठाऊक आहेच. एका जिल्ह्याची तरतूद आणि दुसऱ्याचा खर्च शेजारी ठेवून कोणी तुलना केली, तर तो नकाशा सरळ बाजूला ठेवा.

हा प्रश्न इटलीतही होता. त्यांचा दक्षिण भाग उत्तरेच्या तुलनेत मागे. वर्षानुवर्षं निधी दिला, पण तो गेला कुठे हा वाद आपल्यासारखाच. तिथे २००३ पासून प्रत्येक सार्वजनिक गुंतवणूक प्रकल्पाला एकच सांकेतिक क्रमांक देणं बंधनकारक झालं. २०१२ मध्ये, अर्थतज्ज्ञ फाब्रिझिओ बार्का मंत्री असताना, ‘ओपनकोएझिओने’ हे संकेतस्थळ सुरू झालं. प्रादेशिक विकासाच्या निधीतला एकेक प्रकल्प, त्याची किंमत, आतापर्यंत चुकते झालेले पैसे, पैसे घेणारी संस्था आणि ठिकाण, हे सगळं तिथे बघता येतं. पुढे २०२२ मध्ये युरोपीय संघाने ‘कोहेझिओ’ नावाने सत्तावीस देशांमधल्या पंधरा लाखांहून जास्त प्रकल्पांसाठी तशीच सोय केली. इटलीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की २०१३ पासून तिथल्या शाळकरी मुलांचे गट आपल्या परिसरातला एक प्रकल्प निवडतात, संकेतस्थळावरची माहिती घेतात आणि तो प्रकल्प प्रत्यक्ष बघून येतात. याकडे आपण परत येऊ.

नकाशा जोडताना

समजा तुम्ही आपल्या जिल्ह्यातल्या ग्रामीण रस्त्यांचा खर्च तालुकावार दाखवायचं ठरवलं. एका तक्त्यात खर्च, दुसऱ्यात लोकसंख्या, तिसऱ्यात सीमा. हे तिन्ही जोडायचे कशाच्या आधारे? गावाच्या नावाने जोडाल तर फसाल. पिंपळगाव, वडगाव, खामगाव या नावांची गावं महाराष्ट्रात किती आहेत! लिप्यंतरातही गोंधळ असतो. म्हणून केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला जो क्रमांक दिलेला असतो, तो वापरायचा. जनगणनेचा क्रमांक वेगळा असू शकतो, हेही लक्षात ठेवायचं.

काळाचीही अडचण आहे. दांडेकर समितीच्या वेळी राज्यात ३० जिल्हे होते, आज ३६ आहेत. वाशीम, हिंगोली, नंदुरबार, गोंदिया, पालघर हे त्या तक्त्यांत सापडणारच नाहीत. म्हणजे १९८४ ची आजच्याशी तुलना करायची तर आजचे जिल्हे आधी जुन्या जिल्ह्यांत मिळवून घ्यावे लागतात. नावं बदललेले जिल्हे जुन्या तक्त्यात जुन्या नावाने आणि नव्यात नव्या नावाने येतात. संगणकाला ते दोन वेगळे जिल्हे वाटतात आणि तो गुपचूप एक जिल्हा रिकामा सोडतो. त्या रिकाम्या जागेवरून ‘इथे काहीच खर्च झाला नाही’ असा निष्कर्ष काढायला वेळ लागत नाही.

आता भाजक. एक कल्पित उदाहरण घेऊ, फक्त लोकसंख्या आणि क्षेत्रफळ खरं. गडचिरोलीत २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १०.७३ लाख लोक आणि क्षेत्र १४,४१२ चौरस किलोमीटर. कोल्हापुरात ३८.७६ लाख लोक आणि क्षेत्र ७,६८५ चौरस किलोमीटर. समजा दोन्ही जिल्ह्यांना रस्त्यांसाठी शंभर-शंभर कोटी दिले. दरडोई हिशेबाने गडचिरोलीला मिळाले सुमारे ९३० रुपये, कोल्हापूरला २६० च्या आत. गडचिरोलीची चंगळ! आता तेच पैसे क्षेत्रफळाने भागा. गडचिरोलीला चौरस किलोमीटरमागे सुमारे ६९ हजार, कोल्हापूरला १ लाख ३० हजार. आता कोल्हापूरची चंगळ.

दोन्ही नकाशे खरे आहेत. मग कोणता दाखवायचा? रस्ता अंतर कापण्यासाठी असतो, म्हणून रस्त्यांसाठी क्षेत्रफळाचा विचार अटळ आहे. दवाखान्यातल्या खाटांसाठी माणसं मोजायला हवीत. पण त्या खाटेपर्यंत पोचायला किती तास लागतात हे विचारलंत, की पुन्हा अंतर आलंच. तेव्हा माझी सूचना अशी, की एकच नकाशा दाखवणाऱ्याला नेहमी विचारा, ‘कशाने भागलं?’

आणि एकक किती मोठं? जिल्ह्याचा एकच रंग भरला की आतली विषमता झाकली जाते. नाशिक म्हटलं की द्राक्षांचं निफाड डोळ्यांपुढे येतं. सुरगाणा आणि पेठही त्याच जिल्ह्यात आहेत. सातारा म्हटलं की कृष्णाकाठ. पण माण आणि खटावही साताऱ्यातच. तालुका पातळीवर उतरलं, की विदर्भ विरुद्ध पश्चिम महाराष्ट्र या जुन्या भांडणाचं चित्र पुष्कळ बदलतं. मागे राहिलेले तालुके सगळ्याच विभागांत सापडतात, आणि त्यांच्यात आपसात बरंच साम्य असतं.

एक वाद, दोन आकडे

याचं एक प्रसिद्ध उदाहरण सांगतो. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत पिकांखालच्या एकूण क्षेत्रापैकी सिंचनाखालच्या क्षेत्राचं प्रमाण दिलं होतं. जवळजवळ दहा वर्षांत ते १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर गेलेलं दिसत होतं. या काळात सिंचनावर हजारो कोटी खर्च झालेले. साहजिकच गदारोळ झाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली, आणि त्यात सिंचनक्षमता कशी वाढली ते मांडलं.

दोषी कोण याच्या खोलात आज आपण जाणार नाही. आपल्याला बघायचं आहे ते हे, की दोन्ही बाजू ‘सिंचन’ हा एकच शब्द वापरत होत्या, पण मोजत होत्या वेगवेगळ्या गोष्टी. एक आकडा सांगतो, शेतात पाणी किती क्षेत्राला मिळालं. दुसरा सांगतो, बांधलेल्या प्रकल्पांतून किती क्षेत्राला मिळू शकेल. धरण बांधून झालं, पण कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचलं नाही, तर क्षमता ‘निर्माण’ झालेली असते आणि शेत कोरडं असतं. खर्च, निर्मिती आणि उपयोग या तीन पायऱ्या आहेत. आपले बहुतेक नकाशे पहिल्या पायरीवरच थांबतात, कारण पहिल्या पायरीची माहिती सर्वांत सहज मिळते.

तीन प्रमाणं

आपल्याकडच्या न्यायदर्शनात ज्ञानाची प्रमाणं सांगितली आहेत. त्यातली तीन इथे उपयोगी पडतात. शब्द, अनुमान आणि प्रत्यक्ष.

सरकारी तक्ता हे शब्दप्रमाण आहे. कोणीतरी सांगितलं म्हणून आपण जाणतो. नैयायिकांची अट अशी, की सांगणारा आप्त हवा, म्हणजे त्याला विषय ठाऊक हवा आणि त्याने खरं सांगायला हवं. माहिती भरणारा कनिष्ठ अभियंता किंवा ग्रामरोजगार सेवक प्रामाणिक असू शकतो. पण ‘शंभर टक्के पूर्ण’ असं लिहिण्याचं त्याच्यावर दडपण असेल, तर त्याच्या आप्तपणाला तडा जातो. नकाशा हे अनुमान आहे. तक्त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष. धूर दिसला म्हणून आग आहे असं म्हणायला दोघांचा संबंध पक्का हवा. खर्च दिसला म्हणून विकास आहे, हा संबंध तितका पक्का नाही.

उरतं प्रत्यक्ष. ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर तिथे फलक असतो, त्यावर लांबी, खर्च, कंत्राटदार दिलेला असतो. बांधल्यानंतर पाच वर्षं देखभाल कंत्राटदाराकडेच असते. तक्त्यातली लांबी आणि फलकावरची लांबी जुळते का? पाचव्या पावसाळ्यात रस्ता आहे का? नळजोडणी तक्त्यात आहे. नळाला पाणी आठवड्यातून किती दिवस येतं? राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या. त्यात कामांची बिलं आणि मजुरांच्या हजेरीपटातली नावं गावासमोर मोठ्याने वाचली जात. तक्त्यातला शब्द ज्यांना प्रत्यक्ष ठाऊक आहे त्यांच्यासमोर ठेवायचा, एवढी साधी ती रीत. रोजगार हमीच्या कायद्यात सामाजिक अंकेक्षण आलं त्यामागे ही परंपरा आहे. इटलीतल्या त्या मुलांचं कामही याच जातीचं.

नकाशात नसलेले

शेवटचा मुद्दा, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. ग्रामसडक योजनेचा मूळ निकष असा होता, की सपाट भागात २००१ च्या जनगणनेनुसार ५०० किंवा जास्त वस्तीचं ठिकाण, आणि डोंगराळ, वाळवंटी व आदिवासी भागात २५० किंवा जास्त, त्याला बारमाही रस्त्याने जोडायचं. निकष चुकीचा नव्हता. कुठेतरी सुरुवात करावीच लागते. पण १८० माणसांचा पाडा त्या यादीत नव्हता, आणि यादीत नाही म्हणून तुटीच्या हिशेबातही नव्हता. एखाद्या तालुक्यात पात्र वस्त्यांपैकी शंभर टक्के जोडल्या गेल्या तर नकाशावर तो गडद हिरवा होईल. त्या हिरव्या रंगाखाली जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आजाऱ्याला डोलीतून खाली आणणारे पाडे असू शकतात. ते मागास म्हणूनही नोंदले जात नाहीत. मागास ठरण्यासाठी आधी मोजलं जावं लागतं.

म्हणून नकाशा वाचताना रंग बघून झाल्यावर एक प्रश्न विचारायचा, की या यादीत येण्याची अट काय होती आणि त्या अटीमुळे कोण बाहेर राहिलं?

तुमच्यापैकी ज्यांना हात घालायचा आहे त्यांनी सगळा महाराष्ट्र घेऊ नये. एक तालुका घ्या, एक योजना घ्या, एक वर्ष घ्या. तरतूद, वितरण, खर्च हे तीन स्तंभ वेगळे ठेवा. भाजक ठरवा आणि तो नकाशाखाली ठळक लिहा. दहा कामं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि बघून या. न जुळणारी कामं निघाली तर लगेच चोरी म्हणू नका. आधी कार्यालयात विचारा, कारण कधीकधी तक्त्यातली ओळच चुकीच्या गावाला लावलेली असते. मग जे उरेल ते ग्रामसभेत ठेवा. तिथे तुमच्या नकाशाची तपासणी होईल, आणि ती तुमच्यापेक्षा जास्त जाणणाऱ्या माणसांकडून होईल.

थांबतो. आता प्रश्न घेऊ.